दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती पावतीपुस्तक देऊ नका : सुरक्षा सॉफ्टवेअर कंपन्यांना खुलं पत्र

अँटिव्हायरस आणि त्यासोबत ‘रिमोट सपोर्ट’ (दूर बसून नेटवरून ग्राहकाच्या संगणकात शिरून केलेली मदत) विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या व्यवस्थापनास,

स. न. वि. वि.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. तुमच्यापैकी एका कंपनीचा तंत्रज्ञ त्यांच्या संगणकात शिरला तेव्हा त्यांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा हात ठेवला आणि पाऊण तास ते तसेच बसून राहिले. ‘सर, आता कशालाही हात लावू नका,’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं. समोर बाण आपोआप फिरत होता, खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला तेव्हा आवाज अगदी खचलेला. म्हणाले, ‘अगं, संगणक आतून पुरता किडलाय म्हणे. मीच काहीतरी चुकीचं दाबत आलो असणार.’

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी एका कार्यालयात संगणक सांभाळते. दिवसाला सात-आठ जणांचा रिमोट घेणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणजे तुमचा तंत्रज्ञ ज्या खुर्चीत बसतो, तसल्याच खुर्चीत मीही बसते. दुसऱ्याच्या पडद्यावर आपला बाण फिरायला लागला की समोरचा माणूस किती गप्प होतो, आपण म्हणू ते किती पटकन मान्य करतो, हे मी रोज बघते. त्या गप्प होण्यात विश्वास असतो आणि थोडी भीतीही असते. त्या क्षणी त्याला काय सांगायचं आणि काय विकायचं, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी घडलं ते सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

बाबांच्या पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लाल चौकटी यायला लागल्या होत्या. ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत’, ‘संरक्षण संपले, लगेच क्लिक करा’, असा मजकूर. बाबांनी तुमचं मोठं पॅकेज घेतलेलं होतं, आणि ते घेण्याचं एकमेव कारण म्हणजे त्यातली तज्ज्ञांची चोवीस तास मदत. त्या चौकटीवर क्लिक करायचं नाही, एवढं मी त्यांना शिकवलेलं. त्यांनी केलं नाही. अँटिव्हायरस उघडला, आतलं मदतीचं बटण दाबलं, पडद्यावर आलेला कोड वाचून दाखवला. सगळं अगदी बरोबर केलं.

तंत्रज्ञाने स्कॅन मारला. काही निघालं नाही. मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. विंडोजमध्ये ही एक नोंदवही असते. कुठली सेवा सुरू व्हायला उशीर झाला, कुठल्या प्रोग्रामने परवानगी मागितली आणि मिळाली नाही, नेट कधी तुटलं, अशा शेकडो बारीकसारीक घटना विंडोज त्यात आपली आपण लिहीत राहतं. काहींपुढे लाल गोल खूण असते, काहींपुढे पिवळा त्रिकोण. तंत्रज्ञ ती यादी सावकाश खाली सरकवत गेला. ‘सर, ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एक बिघाड.’ बाबा मोजत होते. चाळीसपर्यंत मोजून त्यांनी सोडून दिलं.

नंतर मी तीच यादी त्यांच्या संगणकावर उघडून पाहिली. त्यात ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम’ या विंडोजच्याच एका आतल्या भागाची १००१६ क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा होती. ही नोंद ठणठणीत संगणकावरही येते, आणि ती सोडून दिली तरी चालतं, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवलं आहे. माझ्या कार्यालयातल्या अगदी नव्या, परवा खोक्यातून काढलेल्या संगणकातही लाल खुणा आहेत. इव्हेंट व्ह्यूअर दाखवून माणसाला घाबरवणं ही खोट्या टेक सपोर्टवाल्यांची सगळ्यात जुनी युक्ती. ‘मी मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय’ असा अनोळखी फोन करणारे भामटे पहिल्यांदा हेच उघडायला लावतात. ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये अशा टोळ्यांवर एकदम कारवाई केली होती, तेव्हापासून ही युक्ती जगजाहीर आहे. तीच युक्ती खऱ्या कंपनीच्या खऱ्या तंत्रज्ञाने, खऱ्या ग्राहकावर वापरली.

मग तो म्हणाला की व्हायरस सापडलेला नाही, त्यामुळे पॅकेजमधली हमी इथे लागू होत नाही. हे ‘सिस्टिम करप्शन’ आहे, त्याची वार्षिक योजना वेगळी. बाबांनी कार्ड काढलं.

चौथ्या दिवशी लाल चौकटी परत आल्या.

या वेळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनाच पुन्हा तेच बटण दाबायला सांगितलं. मी स्वतः मिनिटभरात काढू शकले असते, पण मला बघायचं होतं. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिने संगणकाचा ताबा मागितलाच नाही. फक्त पडदा दिसू द्या म्हणाली, आणि प्रश्न विचारायला लागली. चौकट नेमकी कुठे येते? तिच्यात बारीक अक्षरांत एखाद्या साइटचं नाव दिसतं का? ब्राउझर पूर्ण बंद केलात तरी येते का? बाबा चष्मा पुसून वाकून बघायला लागले आणि त्यांनी ते नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं. ‘सापडलं काका,’ ती म्हणाली. ‘आता माउस तुम्हीच धरा. मी सांगते तसं करा.’

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइटींची यादी असते. तिथे ती एक साइट होती. नावापुढचे तीन ठिपके, मग ‘रिमूव्ह’. संपलं. तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला ‘अ‍ॅलाऊ’ दाबा, असं कुठल्याशा पानावर लिहिलेलं असतं. ते दाबलं की ती साइट हव्या तेव्हा कोपऱ्यात चौकट पाठवू शकते, आणि व्हायरसची भीती घालून कुठलंतरी सॉफ्टवेअर विकायचं हा तिचा धंदा. संगणकात काही शिरलेलं नसतं, म्हणून स्कॅनमध्येही काही सापडत नाही. तिने हे बाबांना समजेल अशा शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘तुमच्या संगणकाला काहीही झालेलं नाही, काका. तुमचं काही चुकलेलं नाही.’ अकरा मिनिटं लागली. माउस सोडून बाबा खुर्चीत मागे टेकले, ते त्या चार दिवसांत पहिल्यांदाच.

मग मी मध्ये पडले आणि त्या वार्षिक योजनेचं विचारलं. ती थोडी थांबली. ‘ते माझ्या हातात नाही, मॅडम. तो विभाग वेगळा आहे.’ पैसे तीन वेळा लिहिल्यावर परत मिळाले, त्यामुळे पैशांची माझी तक्रार उरलेली नाही.

कंपनी एकच, बटण एकच, पॅकेज एकच, बिघाडही एकच. एका हाताने बाबांना आजारी ठरवलं, दुसऱ्याने बरं केलं. त्या पहिल्या मुलाला दोन शिव्या हासडून मला मोकळं होता आलं असतं. पण त्याला इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे काय हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढे आणखी काहीतरी होतं. ते टार्गेट असेल, महिनाअखेर असेल, नाहीतर योजना विकल्यावर पगारात पडणारी भर. रोग शोधणाऱ्यालाच औषध विकायला बसवलं की त्याला रोग दिसायला लागतात. यात माणूस वाईट असायची गरज नसते.

हे मी एका अनुभवावरून बोलत नाही. तुमच्या धंद्यात हे पूर्वी घडलेलं आहे आणि सरकारी नोंदींत आहे. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली दुकानांची साखळी आणि तिला दुरुस्तीचं सॉफ्टवेअर व दूरस्थ सेवा पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम, या दोघींनी मार्च २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून मिळून ३.५ कोटी डॉलर भरले. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी त्या दुकानांत होत असे. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे : संगणक मंदावलाय का, व्हायरसचे इशारे येतात का, पॉप-अप येतात का, अधूनमधून बंद पडतो का. कमिशनचं म्हणणं असं, की यातल्या एकालाही ‘हो’ म्हटलं की तपासणीत मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं दिसली असा निकाल यायचा, स्कॅनमध्ये प्रत्यक्षात काही सापडो वा न सापडो. म्हणजे निकाल संगणकातून येतच नव्हता, तो ग्राहकाच्याच तोंडून काढून घेऊन त्यालाच परत दाखवला जात होता. निदान २०१२ पासून कर्मचारी आत तक्रारी करत होते, आणि हा प्रकार २०१६ च्या अखेरीपर्यंत चालला, असंही कमिशनने म्हटलं. त्या कर्मचाऱ्यांबद्दल मला फार वाटतं. ग्राहकासमोर उभं राहून ते वाक्य त्यांनाच म्हणायला लागत होतं.

त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, अवास्त या अँटिव्हायरस कंपनीने आपल्या ग्राहकांना फोनवर मदत देणाऱ्या आयोगी या बाहेरच्या कंपनीची सेवा थांबवली. मदत मागायला आलेल्यांना तिचे लोक गरज नसलेल्या सेवा विकतात, हे उघड झालं होतं. आपलं नाव लावून दुसऱ्याच्या हाती मदत सोपवली की काय होतं, ते तेव्हाच दिसलं. आणि मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी २.६ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, तो आरोपही असाच : पडद्यावर खोटे इशारे दाखवायचे, मोफत स्कॅनमध्ये ढीगभर दोष काढायचे, सॉफ्टवेअर विकायचं आणि मग फोनवर तंत्रज्ञाची सेवा गळ्यात मारायची. कमिशनच्या तपासणाऱ्यांनी धड चालणाऱ्या, अँटिव्हायरस असलेल्या संगणकांवर तो स्कॅन चालवला, तरी शेकडो दोष निघाले.

तुम्ही म्हणाल, आम्ही तसले नाही. माझा त्यावर विश्वास आहे. म्हणूनच तर तुम्हाला लिहिते, त्यांना लिहीत नाही.

ही सेवा बंद करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. गेली दोन-तीन वर्षं मी नात्यातल्या, कामावरच्या, ओळखीच्या लोकांना विचारत आले आहे : पॅकेजमधली रिमोट मदत कधी वापरलीत का, काय अनुभव आला? मुलं दूर असलेले, एकटे राहणारे, वय झालेले लोक तिच्याबद्दल इतक्या आपुलकीने बोलतात की ऐकत राहावं. माझ्या एका सहकाऱ्याच्या सासूबाईंचा प्रिंटर तुमच्यातल्या एका तंत्रज्ञाने रात्री दहा वाजता चालू करून दिला. त्या म्हणाल्या, देवासारखा धावून आला. प्रिंटर अँटिव्हायरसच्या कक्षेत बसत नाही, तरी त्याने केलं. घरातल्या पोराला चौथ्यांदा विचारायची लाज वाटते, तुमच्या माणसाला विचारायची वाटत नाही, हेही मला दोघा-तिघांनी सांगितलं. विंडोज ८ आलं २०१२ मध्ये, तेव्हापासून विंडोजसोबत चांगला अँटिव्हायरस फुकट येतो. तरीही लोक तुमचं महागडं पॅकेज घेतात, त्यातल्या कितीतरी जणांना खरं तर ही माणसाची मदतच हवी असते. तुमच्या उत्पादनाचा सगळ्यात मौल्यवान भाग तोच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही भेटले. संगणक नीट समजणारे म्हणतात, मला लागत नाही ते माझ्या माथी कशाला, पॅकेज वेगळं द्या. रास्त आहे. एक बाई दुसऱ्यांचे हिशेब ठेवतात. त्यांच्या संगणकावर पंधरा-वीस लोकांची आर्थिक कागदपत्रं असतात. त्या म्हणाल्या, माझं स्वतःचं असतं तर दिलं असतं, पण लोकांचं मी परक्याला कसं दिसू देऊ? त्यांनी पैसे भरूनही मदत कधीच घेतली नाही. एक गृहस्थ एकाकडून दुसऱ्याकडे असे चौघांकडे टोलवले गेले आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसले. बहुतेकांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र न विचारता आली, वेगवेगळ्या शब्दांत : त्याने काय केलं ते मला कळलं नाही. चालू झालं, बरं झालं, पण काय केलं ते कळलं नाही.

यावर मी जरा थांबते, कारण तुमच्याकडे याचं उत्तर तयार असतं की सगळं रेकॉर्ड होतं. ते तुमच्यासाठी. ग्राहकाच्या हातात काय राहतं? माझ्या कार्यालयात रिमोट संपला की मी चार ओळी लिहून त्या माणसाला पाठवते. काय उघडलं, काय बदललं, काय काढलं, काय टाकलं, आणि जुन्यासारखं करायचं असेल तर कसं. पहिल्यांदा मला ते ओझं वाटलं होतं. पण त्या चार ओळी लिहायच्या आहेत हे डोक्यात असलं की हातही जपून चालतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर दाखवून ४० बिघाड असल्याचं सांगितलं’ असं स्वतःच्या नावासकट लिहून द्यायला लागलं असतं, तर त्या मुलाने ते सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. ग्राहकाच्या भाषेत, त्याला वाचता येईल असा कागद द्या. सॉफ्टवेअर तुम्ही कित्येक भाषांत देता, मग तोही तसाच देता येईल.

आता दाराचं. तुमच्या जाहिराती आणि तुमच्याच सूचना आम्हाला वर्षानुवर्षं शिकवत आल्या की अनोळखी माणसाला संगणकात घेऊ नका, आणि आम्ही ते शिकलो. रिमोट मदत म्हणजे त्याच दाराची किल्ली देणं. ती किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती लागली तर काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इशारा दिला की एक टोळी लोकांच्या मेलबॉक्समध्ये कचऱ्यासारखे शेकडो मेल ओतते, मग ‘आयटी विभागातून बोलतोय, हा कचरा साफ करून देतो’ असा फोन करते आणि विंडोजमधल्याच क्विक असिस्ट या रिमोट मदतीच्या प्रोग्रामवरून आत शिरते. पुढे तिथे खंडणीचं सॉफ्टवेअर पेरलं जातं. आमच्या कार्यालयात मी त्याच आठवड्यात क्विक असिस्ट काढून टाकलं. त्याआधी फेब्रुवारीत स्क्रीनकनेक्ट या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये एक दोष निघाला, त्याची तीव्रता १० पैकी १०. पासवर्ड न लागता आत जाता येत होतं. ही साधनं वाईट नाहीत, मी ती रोज वापरते. पण काम झाल्यावर ती ग्राहकाच्या संगणकावर का राहावीत? बाबांच्या संगणकावर पहिल्या कॉलनंतर रिमोटचा प्रोग्राम मागे राहिला होता, आणि संगणक चालू होताच तोही पार्श्वभूमीत चालू होत होता. बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. काम संपलं की तो आपोआप निघून जायला हवा, आणि ‘आता आम्ही बाहेर पडलो, आमचं काही मागे राहिलं नाही’ असं पडद्यावर दिसायला हवं. त्या मुलीने केलं तसं आधी फक्त बघण्याची परवानगी घ्यावी. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ताबा लागलाच तर तो वेगळा मागावा, आणि तो कधीही काढून घ्यायची कळ कुठली, हे ताबा घेण्याआधी सांगावं. ‘कशालाही हात लावू नका’ हे वाक्य तुमच्या प्रशिक्षणातून काढून टाका. स्वतःच्या घरात माणसाने हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे काय?

तुमचं नाव घेऊन फसवणारे हे आणखी एक दुखणं आहे. मदत हवी म्हणून माणूस कंपनीचं नाव टाकून नंबर शोधतो आणि वर दिसलेल्या जाहिरातीतल्या भामट्याला फोन करतो. एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात टेक सपोर्टच्या नावाखालच्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतलं नुकसान ९२ कोटी डॉलरच्या वर होतं, आणि त्यात मोठा वाटा साठीपुढच्या लोकांचा. खरी मदत कुठून मिळते हे ग्राहकाला एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने दिसलं तर यातलं बरंच टळेल. मदत प्रोग्रामच्या आतल्या बटणावरूनच सुरू होईल, आणि आम्ही आपणहून कधीही फोन करणार नाही, हे इन्स्टॉल करतानाच मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तसं लिहिलंत की मग तुमच्या विक्री विभागालाही ग्राहकाला फोन करता येणार नाही, हे पाळा. नूतनीकरणाची आठवण म्हणून तुमचा खरा फोन येतो, त्यामुळेच खोटाही खरा वाटतो.

पॅकेजवरच्या वचनाबद्दल. नॉर्टन आणि मॅकॅफी या दोन्ही अँटिव्हायरस कंपन्यांकडे असं वचन आहे की आपोआप नूतनीकरण चालू ठेवलंत आणि आमच्या तज्ज्ञाला व्हायरस काढता आला नाही, तर पैसे परत. वचन चांगलं आहे. पण ते ‘व्हायरस’ या एका शब्दाला टांगलेलं आहे. अशा कुठल्याही वचनात समोरचा बिघाड व्हायरस आहे की आणखी काही, हे कंपनीचाच माणूस ठरवणार. व्हायरस म्हटलं तर वेगळे पैसे नाहीत, दुसरं काही म्हटलं तर नवी पावती. बाबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ग्राहक व्हायरस पाहून फोन करत नाही, पडद्यावर विचित्र काहीतरी दिसतं म्हणून करतो. ते विचित्र काय आहे हे शोधून सांगणं पॅकेजच्या आतच असलं पाहिजे, मग उत्तर काहीही निघो. नूतनीकरणाचा विषय निघालाच आहे तर तेही : ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०२१ मध्ये याच दोन कंपन्यांकडून लिहून घेतलं, की आपोआप नूतनीकरण झालं तरी ग्राहकाला ते मोडून उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतील. हे एकाच देशातल्या ग्राहकांना मिळावं आणि बाकीच्यांना नाही, याला काही कारण मला दिसत नाही.

आता मुख्य मागणी. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालेल, हे आधी करा.

ज्याच्या हातात ग्राहकाच्या संगणकाचा ताबा आहे, त्याने त्या कॉलमध्ये काहीही विकायचं नाही. योजना नाही, वरचं पॅकेज नाही, ‘आजच घेतलंत तर सूट’ नाही. पैसे लागणारं काम खरंच असेल, तर तंत्रज्ञाने ते लेखी द्यावं, कॉल संपवावा, आणि ग्राहकाने ते दोन दिवस आपल्या माणसांना दाखवून मग ठरवावं. विक्रीवर तंत्रज्ञाचा एक पैसाही अवलंबून नसावा, आणि तसा नाही हे पाकिटावर छापावं. मदतीचा खर्च निघत नाही, म्हणून विक्री जोडावी लागते, हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. मग तो खर्च पॅकेजच्या किमतीत उघडपणे धरा. बाबा जास्त पैसे द्यायला तयार आहेत. ती मुलगी तुमच्याकडे टिकावी म्हणून मीही देईन.

तुमच्यापैकी एका कंपनीकडे हे दोन्ही कॉल रेकॉर्ड झालेले असतील. एक पाऊण तासाचा, एक अकरा मिनिटांचा, मध्ये चार दिवस. तुमच्या मोजमापात पहिला कॉल यशस्वी ठरला असणार, कारण त्यात विक्री झाली. दुसऱ्यापुढे काय लिहिलं गेलं असेल? त्या कंपनीने मला लिहिलं तर दोन्ही कॉलचे तिकीट क्रमांक मी कळवीन. ते दोन्ही शोधून काढा, तुमच्या बैठकीत एकापाठोपाठ एक लावा, आणि शेवटपर्यंत ऐका. पहिल्या कॉलमध्ये तुमचा माणूस बोलत असताना बाबा मध्ये मध्ये फक्त ‘बरं, बरं’ म्हणतात, ते तेवढं नीट ऐका.

बाबांचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं आहे. करायचं की नाही, ते त्यांनी मला विचारलं आहे. तुमचं उत्तर आलं की त्यांना सांगेन.

आपली,
एक ग्राहक, आणि एका ग्राहकाची मुलगी